शिक्का नसलेली कार्डं

गडहिंग्लज,
दि. १९ फेब्रुवारी २००६

ती. दादास,
साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी शुक्रवारी वसतिगृहावर सुखरूप पोचले. एस.टी.त बसायला जागा मिळाली. तू बांधून दिलेल्या चपात्या दोन दिवस पुरल्या. बाईंनी आईबद्दल विचारलं आणि रजा मंजूर केली. डी.एड.चे सराव पाठ मागं पडलेत, ते आता भरून काढायचे आहेत.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी रडले नाही, यावरून शेजारच्या बायडाबाई मागच्या दारी बोलत होत्या ते मी ऐकलं. पोरगी बाहेर राहून दगड झाली म्हणाल्या. तू त्यांना गप्प केलंस तेही ऐकलं. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. मला रडायला आलं नाही. नवव्या वर्षी आईनं मला मावशीकडं देऊन टाकलं, आणि तेही खोटं सांगून, हे मी विसरू शकले नाही. तुला ते माहीत आहे. आपण त्यावर कधी बोललो नाही इतकंच.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. तू मंडपवाल्याकडं गेला होतास तेव्हा मी आईची ट्रंक आवरली. तळाशी बाबांच्या टॉवेलात गुंडाळलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. मी तो पिशवीत घातला आणि इथं येऊन सोडला. एकेचाळीस कार्डं आहेत. सगळी आईच्या नावानं, आणि सगळ्यांखाली ‘तुझी साक्षी’ अशी सही आहे. पहिलं १९९७ सालचं, शेवटचं गेल्या नोव्हेंबरचं.

दादा, यातलं एकही कार्ड मी लिहिलेलं नाही. आईला मी कधीच पत्र लिहिलं नाही. एकाही कार्डावर पोस्टाचा शिक्का नाही. अक्षर मात्र मी ओळखते. राजनंदिनीची पत्रं याच अक्षरात यायची.

राजनंदिनी तुला आठवत असेल. मी दुसरीत असताना गुरुजी हजेरीत रोज ते नाव घ्यायचे आणि कुणीच हजर म्हणायचं नाही. ती मुलगी कोल्हापुरात राहायला गेली होती, पण घरच्यांनी दाखला नेला नव्हता, म्हणून नाव पटावर राहिलं होतं. मी तिला कधी पाहिलं नाही. बाबा गेले त्या वर्षी मी तिला माझ्या शेजारी बसवलं. बसकरावर तिच्यापुरती जागा सोडायचे. तिच्याकडं रेनकोट होता आणि चार कप्प्यांचा डबा होता. तिसरीत गुरुजींनी मैत्रिणीला पत्र लिहायला शिकवलं. सगळ्या मुलींनी एकमेकींना लिहिलं, मी तिला लिहिलं. तिचं उत्तर आलं. आणखी दोन आली. चौथ्या पत्रात तिनं लिहिलं की ती आता इचलकरंजीला, माझ्या मावशीच्याच गल्लीत, निळ्या दाराच्या घरात राहते. तू ये, आपण एकाच शाळेत जाऊ, नाही आलीस तर मी दुसरी मैत्रीण करीन.

त्या गल्लीत निळी दारं तीन होती. मी तिन्ही वाजवली होती.

ती पत्रं आईनं तुझ्याकडून लिहून घेतली हे मला मोठी झाल्यावर कळलं. तू तेरा वर्षांचा होतास, आईनं सांगितलं ते लिहिलंस. तुझ्यावर माझा कधीच राग नव्हता. पण ही एकेचाळीस कार्डं मला समजत नाहीत. आईनं माझ्या नावानं स्वतःलाच पत्रं का लिहून घेतली? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस आले होते, तेव्हा ती म्हणाली होती की गच्चीतल्या झेंडूबद्दल लिहिलं होतंस, तो लागला का. मला वाटलं ती दुसऱ्या कुणाचं माझ्यावर घालते आहे. मी उत्तर दिलं नाही, आणि तू लगेच चहाचं काढलंस. आता ते झेंडूचं कार्ड माझ्यासमोर आहे.

तुला माहीत असेल ते लिही. फोन करू नकोस. वसतिगृहाच्या फोनला मागं मुली उभ्या असतात आणि मला असलं बोलता येत नाही. वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी बहीण,
साक्षी


गडमुडशिंगी,
दि. २७ फेब्रुवारी २००६

चि. साक्षीस,
दादाचा जयभीम आणि अ. उ. आ.

पत्र मिळालं. मास्तरीणबाई, पत्र कसलं, मेमोच की तो! आमच्या फाउंड्रीत मॅनेजरसुद्धा एवढं सरळ विचारत न्हाय.

इकडं ठीक हाय. सध्या दुसरी पाळी चाललीय. सैपाक मीच करतो. भाकरी तव्यावर जाईपर्यंत गोल असती, पुढचं तिचं ती बघती. आईची शेळी व्याली, दोन करडं झाली. एक अख्खी गल्ली डोक्यावर घेतंय आणि दुसरं कोपऱ्यात बसून नुसतं बघतंय. बायडाबाईनं त्याला साक्षी म्हणायला सुरुवात केलीय. तुझ्यावर त्यांचा राग न्हाय, तोंडच तसलं हाय त्यांचं.

आता कार्डांचं. ती मी लिहिली, त्यात लपवायचं काय. तू गेल्यावर आई रोज रानात भांगलून आली की पोस्टमन आलता का विचारायची. तू तर एक अक्षर पाठवत नव्हतीस. शेवटी मी एक कार्ड आणून लिहिलं आणि तुझं आलं म्हणून वाचून दाखवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग दर महिन्याला लिहावं लागलं, पुढं पुढं दोन-तीन महिन्यांनी. तिला कुठं वाचता येत होतं? ती नुसती कार्ड हातात धरून बसायची. तू खरंच लिहिलं असतंस तर मला ही उठाठेव करावी लागली नसती, एवढं मात्र म्हणतो.

राजनंदिनीचं जुनं खूळ आता कशाला उकरून काढतेस? तेव्हा घरात काय दिवस होते ते तुला माहीत हाय. आई गेली. आता तरी तिच्यावरचा राग सोड.

चौदा एप्रिलला जयंती. त्या दिवशी घरात आईचा फोटो लावायचा म्हणतो, बाबांच्या शेजारी. चार माणसं जेवायला सांगितलीत. तू हवीस. उत्तर लगेच टाक. दादावर माया असू दे.

तुझा दादा,
प्रसेनजीत


गडहिंग्लज,
दि. ६ मार्च २००६

ती. मावशीस व काकांस,
साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमची तब्येत कशी आहे? काकांचा कान दुखत होता तो राहिला का? यंत्रमागाच्या आवाजात कानात कापूस घालून बसा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते ऐकत नसणारच. माझं बरं चाललं आहे.

मावशी, नऊ वर्षांत तुला एक गोष्ट विचारली नाही, ती आज विचारते. तू मला कधी परकी केली नाहीस, त्यामुळं विचारायला तोंड नव्हतं. आईनं मला तुझ्याकडं देताना तुला काय सांगितलं होतं? माझ्या मनातल्या त्या मैत्रिणीबद्दल ती काही बोलली होती का? दादानं लिहिलं आहे की आईवरचा राग सोड. सोडायचा तर तो नीट समजून सोडावा असं वाटतं.

राजनंदिनीचं मला सगळ्यात लागलं ते का, तेही सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबा गेल्यावर संध्याकाळी घरात दोनच भाकऱ्या व्हायच्या. दादा त्या वेळी पाटलांचं दूध घालायला डेअरीवर गेलेला असायचा. मी आईला सांगायचे की मी राजनंदिनीच्या डब्यातलं जेवून आले, मला भूक नाही. आई जरा वेळ माझ्याकडं बघायची आणि विचारायची, काय होतं गं आज डब्यात? मी सांगायचे, पुरी होती, बटाट्याची भाजी होती, शिरा होता. ती सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, मीठ बरोबर होतं का? मी म्हणायचे, जरा जास्त होतं. तर म्हणायची, तिच्या आईला सांग, जरा हात आखडून घाल म्हणावं. आणि माझ्यापुढं अर्धी भाकरी ठेवायची, मीठ उतरायला खा म्हणून. मी ती खायचे.

तशी मैत्रीण कुणी नाहीच हे आईला माहीत होतं. माहीत असून ती खेळात यायची. मग तिनंच त्या खेळाचा फास करून मला बाहेर काढलं, हे मला सहन झालं नाही. तुझ्याकडं जेवायला भरपूर होतं. पण वर्षभर मला अन्नाची चव लागली नाही, हे तुला आठवत असेल.

खरं असेल ते लिही. मला वाईट वाटेल म्हणून झाकू नकोस. दोघांची माया आजवर होती तशी राहावी.

तुझी,
साक्षी


इचलकरंजी,
दि. १५ मार्च २००६

चि. साक्षी हिस,
धोंडुबाई मावशीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या काकांनी दोनदा वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून एकदा वाचलं. माझी चौथी झालेली, अक्षराला हसू नकोस. काका कापूस घालत न्हाईत. आता घरात पण वराडून बोलत्यात, शेजारच्यांला वाटतं आमचं भांडण चाललंय.

साक्षे, तुला दिली असं तुला कुणी सांगितलं? आम्ही तुला मागितलीच नव्हती. हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं, कारण कुठल्या लेकराला सांगायचं की बाई तू नको होतीस, दुसरं कोण तरी पायजे होतं. आम्हाला पोरगा पायजे होता. प्रसेनजीतला मागितला होता. तुझ्या काकांचे दोन माग, पुढं बघायला कोण न्हाय, पोराला शिकवू आणि धंद्याला लावू असा विचार. तुझ्या आईनं, मीनीनं, रडून रडून हो म्हटलं होतं. पोराचं बरं हुईल, माझ्या जवळ धाकटी तरी ऱ्हाईल, असं ती म्हणाली होती.

मे महिन्यात काका त्याला आणायला गेले तर तू पिशवी भरून उंबऱ्यात बसलेली. मीच जाणार, दादा न्हाय. मीनी म्हणाली, ही लहान हाय, हिला मी सोडत न्हाय. तर तू दोन दिवस पाणी सुदीक घेतलं न्हाईस. कारण विचारलं तर सांगीनास. काका तिथंच अडकून पडले. तिसऱ्या दिवशी मीनीनं तुझी वेणी घातली आणि काकांला म्हणाली, हिचं पोट हितं भरत न्हाय म्हणून ही चाललीया भावजी, मी कशाच्या जोरावर अडवू? त्या मैत्रिणीचं आम्हाला कुणी काय बोललं न्हाय. तू तिच्यापायी निघालीस हे मीनीला ठाऊक असतं तर ती बोललीच असती. तू हितं आल्यावर दारं वाजवत फिरलीस तेव्हा मला काय ते कळलं न्हाय, मी आपली म्हणाले, हितं असली पोरगी न्हाय बाई.

आणि हे तुला आठवत न्हाय काय? पंधरा दिवसांनी मीनी तुला न्यायला आली होती. तू माळ्यावर जाऊन बसलीस. खाली ये म्हणून काकांनी शिडी लावली तर लाथ मारलीस शिडीला. ती तीन तास सोप्यात बसली. शाळेतनं तुझ्या नावचे तांदूळ मिळाले होते, ते पदरात बांधून आणले होते. शेवटच्या गाडीला गेली. जाताना म्हणाली, तिला सांगू नको मी रडले ते.

पुढं तुझी पत्रं येत्यात म्हणून लई खूश असायची. माझी लेक तोंडानं बोलत न्हाय, कागदावर बोलती, म्हणायची. मला वाटलं तू शाळेतनं टाकत असशील. तूच लिहीत होतीस न्हवं?

मनाला लावून घेऊ नकोस. पोरगा मागितला आणि पोरगी आली, आणि आमचं सोनं झालं, हे काका वराडून सांगायला लागलेत म्हणून लिहिते. सुट्टी लागली की सरळ हिकडं ये. आमच्यावरचं प्रेम कमी करू नकोस.

तुझी,
मावशी


गडहिंग्लज,
दि. २२ मार्च २००६

ती. दादास,
साक्षीचा जयभीम.

मावशीचं पत्र आलं. तिनं तुला मागितलं होतं, मला नाही, हे मला आता कळलं.

राजनंदिनीचं चौथं पत्र लिहायला तुला आईनं सांगितलं होतं का? शेळीचं लिहू नकोस.

साक्षी


गडमुडशिंगी,
दि. १ एप्रिल २००६

चि. साक्षीस,
दादाचा जयभीम.

न्हाय. आईनं सांगितलं नव्हतं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिलं पत्र तू मला पेटीत टाकायला दिलं होतंस. वर पत्ता नुसता ‘राजनंदिनी, कोल्हापूर’. मी वाटेत वाचलं. तू शाळेत येत जा, तुझ्या नावचा तांदूळ गुरुजी मला देत नाहीत, असं तू लिहिलं होतंस. मला पहिल्यांदा हसू आलं, मग हसू आलं न्हाय. तुला बरं वाटावं म्हणून मी उत्तर लिहिलं आणि पेटीत टाकलं. पोस्टमननं ते तुझ्या हातात दिलं तेव्हा तू किती नाचली होतीस. पुढची दोन पण तेवढ्यासाठीच लिहिली. ही तीन पत्रं लिहिताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं, एवढं मानशील तर मान.

मग काका माझ्यासाठी येणार हे ठरलं. मी मागाच्या शेडमध्ये एकदा गेलो होतो, तिथं माणूस माणसाशी बोलू शकत न्हाय एवढा आवाज असतो. पण ते कारण न्हाय. मला आईला सोडायचं नव्हतं. मी गेलो की तुम्ही दोघी राहणार आणि मी एकटा तिथं, हे मला सहन होत नव्हतं. तू राजनंदिनी सोडून कुणाचं ऐकत नव्हतीस. म्हणून चौथं पत्र लिहिलं. दुसरी मैत्रीण करीन ही ओळ मी मुद्दाम घातली. तुला ती लागणार हे मला माहीत होतं.

तू गेल्यावर आई भांडी घासताना थांबायची आणि म्हणायची, माझं काय चुकलं रं, पोरीनं मागं वळून बघितलं न्हाय. मी शेजारीच अभ्यासाला बसलेला असायचो. त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी मला तिकडं पाठवून तुला आणलं असतं. म्हणून गप्प बसलो, आणि तुझ्या नावानं कार्डं लिहायला लागलो.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते सांगून टाकतो. आई तुला उत्तर सांगायची. दर वेळी. मी वही घेऊन बसायचो आणि ती सांगत असताना नुसता पेन फिरवायचो. ते कागद मी पेटीत टाकले न्हाईत, कारण आईचं उत्तर तुला मिळालं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. कागदांवर काही लिहिलेलंच नव्हतं. नुसत्या रेघा.

माफी कशी मागायची ते मला कळत न्हाय. चौदाला ये. चार माणसांसमोर काय ऐकवायचं ते ऐकव, मी मान खाली घालून ऐकीन.

प्रसेनजीत


गडहिंग्लज,
दि. ५ एप्रिल २००६

ती. दादास,
जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. आज सराव पाठाला तिसरीचा वर्ग होता. हजेरी घेताना एका नावाला कुणी हजर म्हटलं नाही. मी पुढचं नाव घेतलं आणि पाठ पुरा केला. निरीक्षक बाईंनी आवाज बारीक पडला असा शेरा दिला.

पटावरचं नाव सोडलं तर राजनंदिनी खरी नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. मीच तिला बनवलं होतं. जेवून आले म्हणायला कुणीतरी लागतं, म्हणून ती होती. तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी आधी घाबरले. आपण बनवलेली मुलगी पत्र कशी लिहील? मग मला वाटलं, मी तिला इतकी मनापासून बनवली की ती झाली. त्यानंतर ती जे सांगेल ते मी केलं असतं. आपल्या घरात सगळं कुणीतरी दिलेलं होतं, कपडे, पाटी, तांदूळ. तेवढी एकच गोष्ट माझी होती. तू तिच्या आत शिरून बोललास.

मग तू मलाही बनवलंस. कार्डं मी सगळी वाचली. त्यातली साक्षी फार चांगली मुलगी आहे. ती आईच्या खोकल्याची चौकशी करते, झेंडू लावते, पहिला नंबर आला की आधी आईला कळवते. आईनं टॉवेलात जपून ठेवली ती साक्षी. मी दोन दिवस यायचे, पाहुणीसारखी जेवायचे आणि जायचे. खरी मी तिच्यासमोर बसलेली असताना ती कार्डातल्या मुलीशी बोलायची आणि मी उत्तर द्यायचे नाही.

तू तेरा वर्षांचा होतास. चौथ्या पत्राचं मी कधीतरी समजून घेईन, असं म्हणते. पण सत्तावीस फेब्रुवारीला तू बावीस वर्षांचा होतास. आई जाऊन महिना झाला होता. तेव्हाही तू मला लिहिलंस की आता तरी तिच्यावरचा राग सोड. तुझा दोष तिच्या अंगावर तसाच ठेवून मला मोठं मन करायला सांगितलंस. हे मला समजून घेता येत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही.

आता एकच काम कर. आई उत्तरात काय सांगायची ते आठवेल तेवढं लिहून पाठव. तिच्या शब्दांत. पदरचं एक वाक्यसुद्धा घालू नकोस, गोड करू नकोस. तू जे पाठवशील ते तिचं की तुझं, हे ओळखायला माझ्याकडं काही साधन नाही. ऐकणारा तू एकटाच होतास. तरी पाठव.

साक्षी


गडमुडशिंगी,
दि. ९ एप्रिल २००६

चि. साक्षीस, जयभीम.

आठवतं तेवढंच लिहितो. पदरचं न्हाय.

केसाला तेल लावत जा, उवा होतील. मावशीला उलट बोलू नको, तिचं आपल्यावर लई हाय. पूर आलाय म्हणत्यात, बघायला जाऊ नको. शेळी विकली न्हाय सांग तिला, तिला वाटत असंल विकली. कुणी काय दिलं तर नको म्हणू नको, घे. शाळा सोडायची न्हाय. तू आलीस की बोलत न्हाईस, मी काय रागावत न्हाय, तुझी आज्जी पण तसलीच होती.

आणि शेवटी दर वेळी एकच. आज डब्यात काय हुतं ते लिही म्हणावं, आणि मीठ बरोबर हुतं का ते बी. हे मला कधी कळलं न्हाय. तुझी तिकडची शाळा मावशीच्या घराला लागून, तू दुपारी घरीच जेवायला जायचीस, डबा कसला? मी विचारलं तर म्हणायची, तू लिही मुकाट्यानं, तिचं तिला कळतंय. उत्तर काय द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून कार्डात मी ते कधी घेतलं न्हाय. ती मात्र विचारायची थांबली न्हाय. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी पण विचारलं.

एवढंच आठवतं.

प्रसेनजीत


गडहिंग्लज,
दि. १२ एप्रिल २००६

ती. दादास,
जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. शिक्का स्वच्छ उमटला आहे.

त्यातलं शेवटचं तुझं नाही, आईचं आहे. मला ते कसं कळलं हे तुला सांगणार नाही. ते तिचं आणि माझं आहे, तेवढं आमच्यात राहू दे. एकेचाळीस कार्डं मी पुन्हा काढून पाहिली. डब्याचं उत्तर खरोखर एकातही नाही. उत्तर येत नसताना ती इतकी वर्षं विचारत राहिली. तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते सांगणारं आता कुणी नाही.

काल जेवणघरात ताटावर बसल्यावर मला रडायला आलं. मुलींना वाटलं भाजी तिखट झाली.

चौदा तारखेला मी येत नाही. फोटो लावून घे. बाबांच्या डाव्या बाजूला लाव, उजवीकडं ऊन येतं. ही कार्डं मी परत पाठवणार नाही आणि फाडणारही नाही. ट्रंकेतला बाबांचा टॉवेल मला हवा आहे, तो मावशीकडं पोचता कर. पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणून लिहायची मला सवय आहे. मागच्या दोन पत्रांत लिहिलं नाही, या पत्रातही ते लिहीत नाही. पुढचं मला आज माहीत नाही.

खाली आईसाठी पत्र लिहिलं आहे. हे माझं तिला पहिलं. फोटो लावलास की त्याच्यापुढं उभा राहा आणि मोठ्यानं वाच. आहे तसं वाच.

ती. आईस,
साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.
आज डबा माझाच होता. भाकरी आणि शेपूची भाजी. मीठ जरा जास्त होतं. मी पोटभर जेवले.

तुझी,
साक्षी